शब्दांची यादी मागण्याआधी एवढं वाचा

आमच्या इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या क्लासच्या चौकशीला येणाऱ्या बहुतेकांचे प्रश्न दोनच असतात. "महिन्याभरात किती शब्द होतील?" आणि "यादी किंवा पीडीएफ मिळेल का?" फोनवर प्रत्येकाला तेच समजावताना चालू बॅच खोळंबते, म्हणून हे पत्रक काढलं. आमच्याकडे यादी मिळत नाही. का मिळत नाही ते वाचा, पटलं तर या.

आधी आकड्यांचं बघू. मायकेल वेस्ट नावाच्या इंग्रज शिक्षकाने बंगालमध्ये बरीच वर्षं काम केलं होतं. त्याने १९५३ मध्ये नेहमीच्या वापरातल्या इंग्रजी शब्दांची यादी छापली, ती साधारण २००० शब्दांची. व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओने १९५९ पासून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी जगाच्या बातम्या सुमारे १५०० शब्दांत द्यायला सुरुवात केली. म्हणजे रोजच्या कामापुरते शब्द काही लाखांनी लागत नाहीत. शिवाय त्यातले कितीतरी तुमच्या तोंडात आधीच आहेत. नाशिकच्या अंबड-सातपूरला कारखान्यात कामाला जाणारा माणूस शिफ्ट, ब्रेकडाउन, रिजेक्शन, पेंडिंग हे दिवसभर बोलतो. घरात सिलिंडर, रिचार्ज, डिलिव्हरी, अर्जंट चालूच असतं. तरी साहेबांसमोर किंवा मुलांच्या शाळेत पॅरेंट्स मीटिंगला वाक्य जुळत नाही, ही खरी अडचण.

आणि ती अडचण वहीतूनच येते. नवीन विद्यार्थी मोठ्या उत्साहाने दुरेघी वही आणतात. मधोमध रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एक मराठी अर्थ. 'रिमूव्ह म्हणजे काढणे' असं पाठ झालं की मग ऐकायला मिळतं, "आय रिमूव्ह्ड अ फोटो", "आय रिमूव्ह्ड द टिकेट". आता आपण मराठीत काय काय काढतो ते बघा. फोटो काढतो, तिथे टेक. बँकेतून पैसे काढतो, तिथे विथड्रॉ. चित्र काढतो, तिथे ड्रॉ. तिकीट काढतो, तिथे बाय किंवा बुक. कर्ज काढलं तर पुन्हा टेक. रिमूव्ह हा शब्द डाग काढायला ठेवा. लागण्याचंही तसंच. भूक लागते, नोकरी लागते, ठेच लागते, आणि वणीच्या घाटात बस लागते. या चारही ठिकाणी इंग्रजी वेगळं. बस लागणाऱ्याने "आय गेट कारसिक" म्हणायचं, हे 'लागणे' या शब्दासमोर एकच अर्थ लिहून कधीच कळणार नाही. परीक्षा 'गिव्ह' करणारे आणि गोळी 'ईट' करणारे तर प्रत्येक बॅचला असतात. दोन्हीकडे टेक हवं.

म्हणून सुटा शब्द लिहायचा नाही, वाक्य लिहायचं. आमच्याकडे पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची कार्डं असतात. एका बाजूला तुमच्या स्वतःच्या दिवसातलं मराठी वाक्य, "काल मी पोस्टातून पैसे काढले." मागे इंग्रजी, "आय विथड्रू सम मनी फ्रॉम द पोस्ट ऑफिस येस्टरडे." मराठी बाजू बघून इंग्रजी मोठ्याने म्हणायचं, मगच कार्ड उलटायचं. नुसतं वाचत बसलात तर सगळं येतंय असं वाटतं आणि बोलताना गाडी अडते.

कार्डं पाच कप्प्यांच्या खोक्यात राहतात. ही युक्ती आमची नाही, सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये ती लोकांसमोर आणली. आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दिवसाआड, पुढचे आणखी अंतराने. हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच सर्वांत वेगाने विसरतं. वहीत सोमवारचं पान मंगळवारी उलटलं की त्याच्याकडे परत कोण बघतं?

"बाकीचे क्लास रोज पंचवीस शब्द देतात, तुम्ही पाचच कार्डं?" हा टोमणा आमच्या ओळखीचा आहे. पाचच. पण ती तुमची असतात आणि प्रत्येक कार्ड आम्ही तपासून देतो. पंचवीस शब्द छापून वाटायला आम्हालाही झेरॉक्सवाला जवळच आहे.

सगळ्यात जास्त वेळ कुठे जातो सांगू? लोक कोरी कार्डं घेऊन येतात आणि "काय लिहू?" विचारतात, किंवा वहीतले सुटे शब्द कार्डावर उतरवून आणतात. मग तासाचा पहिला भाग तीच कार्डं परत लिहिण्यात जातो आणि बोलण्याचा सराव मागे पडतो. असं कार्ड आम्ही परत करतो, राग मानू नका. वाक्यं शोधायला लांब जावं लागत नाही. बँकेचा मेसेज, शाळेची नोटीस, औषधाचं पाकीट, पॅकहाउसमध्ये द्राक्षाच्या पेट्या भरताना सुपरवायझर काय बोलला ते.

सिंहस्थ जवळ आलाय म्हणून पंचवटीतले दुकानदार, लॉजवाले हल्ली "टुरिस्टचे शब्द द्या" म्हणतात. त्यांनाही हेच सांगतो. रविवार कारंजावर कुणी रामकुंड विचारलं तर "इट्स अ टेन-मिनिट वॉक फ्रॉम हिअर" हे अख्खं वाक्य तोंडात बसवा. डिस्टन्सचा अर्थ पाठ करून भागत नाही.

मोबाइलवरचं अ‍ॅप चालेल का? चालेल, वाक्य तुमचं असेल तर.

खोकं आणि कार्डं फीमध्येच येतात. घरी बुटाचं खोकं असेल तर तेही चालतं, आमचंच घ्यायला हवं असं नाही. पहिला तास बसून बघा, त्याचे पैसे नाहीत. नोकरीवाल्यांसाठी संध्याकाळची बॅच वेगळी आहे, शिफ्ट बदलली की बॅच बदलून मिळते, फक्त आदल्या दिवशी कळवा. पहिल्या दिवशी येताना कालच्या दिवसातली पाच वाक्यं मराठीत लिहून आणा, इंग्रजी करायच्या फंदात पडू नका.