भूतकाळी क्रियापदांची पदयोजना (इंग्रजी)

इंग्रजी वाक्यात भूतकाळी क्रियापदापुढे तुमन्त (क्रियापदाचे ‘गो’, ‘टू गो’ असे काळ न दाखविणारे रूप), नाम किंवा शब्दयोगी अव्यय जोडले जाण्याची व्यवस्था. काळाची खूण पहिल्या क्रियापदावरच पडते आणि त्यापुढच्या तुमन्तावर ती पडत नाही, हे तिचे मुख्य सूत्र. ‘शी वॉन्टेड टू लीव्ह’ या वाक्यात ‘वॉन्टेड’ भूतकाळी आहे, ‘लीव्ह’ला काळ नाही. ‘डिड नॉट वेन्ट’ अशुद्ध ठरते तेही यामुळेच. ‘डिड’ने खूण घेतली की ‘गो’ मूळ रूपातच राहतो. नेहमीच्या वापराचे नियम शालेय व्याकरणांत मिळतात. त्यामुळे येथे भर दिला आहे तो या रूपांच्या घडणीवर आणि तुमन्ताने सांगितलेली क्रिया प्रत्यक्ष घडली की नाही, या प्रश्नावर.

भूतकाळी प्रत्ययाचे मूळ : जर्मानिक भाषांतील (इंग्रजी, जर्मन इत्यादींच्या कुळातील) क्रियापदांचे सबल आणि दुर्बल असे वर्ग भाषाशास्त्रज्ञ याकोप ग्रिम याने रूढ केले. ‘सिंग–सँग’सारखी सबल क्रियापदे आतला स्वर बदलतात. ही पद्धत इंडो-यूरोपीय वारशातली असून संस्कृतच्या परोक्ष भूतकाळाशी (‘चकार’सारख्या रूपांशी) तिचे नाते आहे. दुर्बल क्रियापदे मात्र ‘ड’ किंवा ‘ट’ हा प्रत्यय घेतात, आणि हा प्रत्यय जर्मानिक शाखेबाहेर भूतकाळासाठी आढळत नाही. त्याच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक डेन्मार्कमधील गॅलेहुस येथे १७३४ मध्ये सापडलेल्या सोन्याच्या शिंगावर होता. हे शिंग सामान्यतः इ. स. ४०० च्या सुमाराचे मानतात. त्यावरील रूनिक (जुन्या जर्मानिक लिपीतील) लेखाचा शेवट ‘होर्ना टाविडो’, म्हणजे ‘शिंग बनविले’, असा होता. कर्म आधी आणि क्रियापद शेवटी हा क्रम आजच्या इंग्रजीपेक्षा मराठीला जवळचा आहे. १८०२ मध्ये शिंग चोरीस जाऊन वितळवले गेले. लेख उरला तो आधी काढून ठेवलेल्या चित्रांमुळे.

प्रत्यय आला कोठून याविषयी मतभेद आहेत. भाषाशास्त्रज्ञ फ्रान्झ बॉप याच्यापासून चालत आलेल्या मतानुसार तो ‘करणे’ या अर्थाच्या धातूच्या भूतकाळी रूपाचा अवशेष आहे. म्हणजे मूळ रचना ‘अमुक क्रिया + केली’ अशी होती. या मताचा मोठा आधार गॉथिक या लुप्त जर्मानिक भाषेत आहे. तेथे ‘मी शोधले’ यासाठी ‘सोकिडा’, पण ‘आम्ही शोधले’ यासाठी ‘सोकिडेडुम’ असे लांब रूप येते, आणि त्यातील ‘-डेडुम’ हे प्राचीन उच्च जर्मनमधील ‘टाटुम’ (आम्ही केले) या रूपाशी जुळते. गंमत अशी, की खुद्द गॉथिकमध्ये या धातूचे क्रियापद उरलेले नाही, केवळ ‘कृत्य’ या अर्थाचे नाम तेवढे शिल्लक आहे. संस्कृतात साधित (दुसऱ्या शब्दापासून बनविलेल्या) धातूंचा परोक्ष भूतकाळ ‘गमयांचकार’ असा ‘चकार’ जोडून करतात. तेथील धातू निराळा असला, तरी घडण त्याच जातीची. दुर्बल क्रियापदेही बहुतांशी साधितच असल्याने हे साम्य दुर्लक्षिता येत नाही.

आक्षेपही भक्कम आहेत. लांब रूपे फक्त गॉथिकमध्ये मिळतात; इतर जर्मानिक भाषांत अनेकवचनही आखूडच आहे. शिवाय गॉथिक ‘माह्टा’, ‘कुन्था’ या जुन्या रूपांतील अघोष (‘त’, ‘थ’ यांसारखे, कंठकंपाशिवाय उच्चारलेले) व्यंजन ‘करणे’ या धातूपासून नियमाने सिद्ध होत नाही. त्यामुळे काहींनी संस्कृत ‘कृत’, ‘श्रुत’ यांतील ‘-त’ प्रत्ययाकडे बोट दाखविले, तर हेरमान कोलित्स याने १९१२ मध्ये आत्मनेपदी परोक्ष प्रत्ययाचा पर्याय मांडला. मुख्य मूळ ‘करणे’ हेच, परंतु अघोष रूपांवर ‘-त’ धातुसाधितांची छाप, ही तडजोड एकंदर पुरावा पाहता अधिक ग्राह्य वाटते.

‘डिड’ आणि कोरे (‘टू’ नसलेले) तुमन्त : भूतकाळी प्रत्यय ‘करणे’पासून आला हे मत खरे असेल, तर इंग्रजीने एकच युक्ती दोनदा वापरली असे म्हणावे लागते. मध्ययुगीन इंग्रजीत ‘डिड’ + मूळ रूप ही रचना नव्याने उभी राहिली. काहींच्या मते ती केल्टिक भाषांच्या संपर्कातून आली. आल्वार एलेगॉर्ड याने १९५३ च्या अभ्यासात तिचे मूळ प्रयोजक ‘डू’मध्ये, म्हणजे दुसऱ्याकडून करवून घेणे या अर्थाच्या ‘डू’मध्ये, शोधले. राजाने ‘डिड बिल्ड’ किल्ला, म्हणजे बांधवून घेतला की बांधला, हा फरक अशा वाक्यात पुसट होतो. पद्यात तुमन्त ओळीच्या शेवटी नेऊन यमक साधण्याचीही सोय होते. साध्या होकारार्थी वाक्यांतील ‘डिड’ सोळाव्या शतकाच्या मध्यास शिगेला पोहोचला आणि नंतर ओसरला. नकार, प्रश्न आणि जोर देणे या कामांसाठी तो टिकला.

‘टू’सह तुमन्त : प्राचीन इंग्रजीत ‘टू’ हे दिशा व हेतू दाखविणारे शब्दयोगी अव्यय होते आणि त्यापुढील तुमन्ताला चतुर्थीवजा प्रत्यय लागे. पुढे प्रत्यय झिजले, ‘टू’ राहिला. त्याचा प्रसार कोऱ्या तुमन्ताला मागे सारून झाला, अशी जुनी समजूत. बेटेलू लोस हिने २००५ मध्ये तो मुख्यतः ‘दॅट’ने सुरू होणाऱ्या गौणवाक्यांच्या जागी पसरल्याचे दाखविले. हे प्रतिपादन अधिक पटण्याजोगे आहे, कारण ‘सॉ’, ‘मेड’, ‘लेट’ यांच्यापुढे कोरे तुमन्त अद्याप कायम आहे. ‘सॉ’, ‘मेड’ यांच्या कर्मणी प्रयोगात मात्र ‘टू’ परततो : ‘दे मेड हिम गो’, पण ‘ही वॉज मेड टू गो’.

क्रिया घडली की नाही : ‘वॉन्टेड टू’, ‘होप्ड टू’ यांवरून पुढची क्रिया झाली का ते कळत नाही. ‘मॅनेज्ड टू ओपन’ म्हटले की दार उघडलेच, आणि ‘डिडन्ट मॅनेज टू ओपन’ म्हटले की नाहीच. ‘फरगॉट टू लॉक’मध्ये उलटे होते, होकारार्थी रूपातून कुलूप लागले नाही असे निघते आणि नकारार्थी रूपातून ते लागले असे. या गटाचे तर्कशास्त्रीय वर्णन लाउरी कार्टुनेन याने १९७१ मध्ये केले. ‘कुड’ आणि ‘वॉज एबल टू’ यांच्यातील भेदही याच्याशी लागून आहे. एकदाच घडलेले यश होकारार्थी वाक्यात सांगताना ‘कुड’ सहसा चालत नाही, कारण तो क्षमता सांगतो, निष्पत्ती नाही. शिकणाऱ्यांकडून येथे अनेकदा घोटाळे होतात, तरी व्याकरणे हा भाग दोन ओळींत उरकतात.

तुमन्त स्वतः काळ घेत नसले, तरी ‘हॅव’च्या मदतीने ते मागे सरकविता येते. ‘होप्ड टू हॅव फिनिश्ड’मधून बहुधा अपुरी राहिलेली आशा व्यक्त होते. ‘ऑट’ आणि ‘मस्ट’ ही रूपे उगमाने भूतकाळीच. पण ती वर्तमानार्थी रुळल्यामुळे त्यांना आता भूतकाळ दाखवायला ‘ऑट टू हॅव गॉन’ अशी वळणाची वाट घ्यावी लागते.

‘-इंग’ रूपाशी तुलना केल्यास तुमन्ताची पुढे पाहणारी वृत्ती दिसते. ‘रिमेंबर्ड टू लॉक’मध्ये आठवण आधी आणि कुलूप नंतर, ‘रिमेंबर्ड लॉकिंग’मध्ये कुलूप आधी. ‘स्टॉप्ड टू रेस्ट’ म्हणजे विसाव्यासाठी थांबणे, ‘स्टॉप्ड रेस्टिंग’ म्हणजे विसावा संपविणे.

नाम व शब्दयोगी अव्यय : ‘मेड अ डिसिजन’, ‘टुक अ लुक’ अशा जोड्यांत क्रियापद काळ वाहते आणि अर्थाचा भार नामावर असतो, पुढचे तुमन्तही नामालाच चिकटते, जसे ‘मेड अ डिसिजन टू लीव्ह’. शब्दयोगी अव्ययापुढे तुमन्त न येता ‘-इंग’ रूप येते. ‘डिड नथिंग बट क्राय’ यासारखे मोजके अपवाद आहेत. खरी अडचण ‘टू’ची, कारण तो तुमन्ताची खूण आणि शब्दयोगी अव्यय या दोन्ही भूमिका करतो. ‘यूज्ड टू लिव्ह’ म्हणजे पूर्वी राहत असे. ‘वॉज यूज्ड टू लिव्हिंग’ म्हणजे राहण्याची सवय होती. दोन्हींत उच्चार ‘यूस्टू’ असा अघोष होतो, तर ‘वापरले’ या अर्थी तो ‘यूझ्ड’ असा घोषच राहतो.

‘पिक्ड अप’ आणि ‘लुक्ड ॲट’ वरवर सारखे दिसतात. सर्वनाम घातले की भेद उघड होतो : ‘पिक्ड इट अप’, पण ‘लुक्ड ॲट इट’. दुसऱ्या प्रकाराचे कर्मणी रूप, उदा., ‘वॉज लाफ्ड ॲट’, तेराव्या शतकापासून तुरळक आढळते. ते सर्वत्र सारखे चालत नाही. ‘द बेड वॉज स्लेप्ट इन’ स्वीकारतात, कारण झोपल्याची खूण बिछान्यावर राहते. ‘लंडन वॉज स्लेप्ट इन’ मात्र कानाला खटकते.