दंतचिकित्सालयातील कागदविरहित वैद्यकीय पूर्वेतिहास

रुग्णाचे आजार, चालू औषधे, ॲलर्जी, झालेल्या शस्त्रक्रिया आणि गर्भावस्था यांची माहिती छापील फॉर्मऐवजी संगणकीय फॉर्मवर घेऊन ती वेळोवेळी अद्ययावत करण्याच्या पद्धतीला कागदविरहित वैद्यकीय पूर्वेतिहास म्हणतात. भेटीपूर्वी मोबाइलवर आलेल्या लिंकमधून किंवा दवाखान्यातल्या टॅबलेटवर रुग्ण ही माहिती भरतो आणि ती थेट त्याच्या नोंदीत जमा होते. भरलेला कागद स्कॅन करून ठेवणे म्हणजे ही पद्धत नव्हे, कारण त्या चित्रातील उत्तरे संगणकाला सहसा शोधता किंवा ताडून पाहता येत नाहीत.

पूर्वेतिहास एकदा घेऊन भागत नाही. सहा महिन्यांपूर्वी दात साफ करून गेलेला रुग्ण दाढ काढायला येतो, तेव्हा मधल्या काळात त्याला रक्त पातळ करणारी गोळी सुरू झालेली असू शकते. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिल्या जाणाऱ्या बिसफॉस्फोनेट गटातील औषधांमुळे जबड्याचे हाड मृत होऊ शकते, हे 2003 पासून वैद्यकीय साहित्यात नोंदले गेले आहे. त्याच कामासाठी वापरले जाणारे डेनोसुमॅब सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शनने देतात. त्यामुळे ‘कोणत्या गोळ्या घेता?’ या प्रश्नाला असा रुग्ण अगदी प्रामाणिकपणे ‘कोणत्याच नाही’ असे उत्तर देतो. फॉर्म कागदी असो वा संगणकीय, प्रश्नाची ही चूक दोन्हींकडे सारखीच नडते.

कागदी पद्धतीत पहिल्या भेटीचा फॉर्म वर्षानुवर्षे फाइलमध्ये राहतो आणि पुढच्या भेटींत त्याच्या समासात तारीख, सही आणि ‘बदल नाही’ एवढेच लिहिले जाते. संगणकीय नोंदीत प्रत्येक वेळची उत्तरे तारखेसह स्वतंत्र जपता येतात, जुने उत्तर पुसले जात नाही आणि मागच्या भेटीपेक्षा काय वेगळे आहे ते नेमके दाखवता येते. या पद्धतीचा खरा लाभ हाच आहे. कागदाची बचत त्यामानाने किरकोळ म्हणावी लागेल. ‘मधुमेह आहे’ असे उत्तर आल्यावरच साखरेच्या अलीकडच्या तपासणीबद्दल विचारणारे जोडप्रश्नही तिच्यात घालता येतात.

तिचा मोठा धोकाही याच सोयीतून येतो. मागची उत्तरे आधीच भरलेली दिसली की रुग्ण ती न वाचताच ‘बदल नाही’वर बोट ठेवून मोकळा होतो. म्हणून औषधे आणि ॲलर्जी हे दोन प्रश्न तरी दर वेळी कोरे ठेवावेत आणि खुर्चीवर बसलेल्या रुग्णाला दंतवैद्याने ते तोंडी पुन्हा विचारावेत. संगणकाच्या सूचनांवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. हृदयाच्या झडपेच्या काही दोषांत दंतोपचारापूर्वी प्रतिजैविक देण्याची जुनी शिफारस अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2007 मध्ये बरीच आकुंचित केली आणि ती कृत्रिम झडप, पूर्वी झालेला हृदयांतःशोथ (हृदयाच्या आतील अस्तराचा संसर्ग) यांसारख्या सर्वाधिक जोखमीच्या स्थितींपुरती ठेवली. त्याआधीच्या फाइलमधला ‘प्रतिजैविक आवश्यक’ हा शेरा जसाच्या तसा संगणकात उतरवला, तर जुना नियम नव्या पडद्यावर झळकत राहतो.

आरोग्यविषयक माहिती संवेदनशील असल्याने प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र पासवर्ड, कोणी काय पाहिले वा बदलले याची नोंद आणि दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रत आवश्यक असते. युरोपीय संघाच्या 2018 पासून लागू असलेल्या माहितीसंरक्षण नियमांत अशा माहितीला विशेष संरक्षण आहे. वीज किंवा इंटरनेट गेल्यास वापरायला थोडे छापील फॉर्म हाताशी ठेवावे लागतात.

वृद्ध, अंधुक दृष्टीच्या किंवा लिहिता-वाचता न येणाऱ्या रुग्णांसाठी कर्मचाऱ्याने आडोशाला बसून प्रश्न वाचून दाखवावेत, उत्तरे भरावीत आणि ती कोणी भरली हेही नोंदवावे. स्वागतकक्षात इतरांच्या देखत मोठ्याने विचारल्यास रुग्ण काही आजार सांगायचे टाळतो.