दिवस मोठा होतोय, मग सकाळी अजून अंधार का?

२१-२२ डिसेंबरला वर्षातला सगळ्यात छोटा दिवस, हे शाळेत सगळ्यांनीच घोकलंय. त्यामुळे आपण धरून चालतो की सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो त्याच दिवशी आणि सगळ्यात लवकर मावळतो तोही त्याच दिवशी. मुंबईच्या वेळा काढून बघा, दोन्ही चूक निघतं! सगळ्यात लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास होऊन गेलेला असतो, साधारण ५:५९ ला. २१ डिसेंबरला तो ६:०६ वर आलेला असतो. आणि उगवायचं म्हणाल तर २१ डिसेंबरला ७:०७ आणि संक्रांतीला चक्क ७:१४, म्हणजे गारठ्यात स्कूलबससाठी पोरांना उठवणाऱ्या आयांची तक्रार अगदी बरोबर आहे.

गडबड दुपारची आहे. सूर्य डोक्यावरून सर्वात उंच जातो ती खरी दुपार मुंबईत २४ नोव्हेंबरला १२:२५ ला होते, २१ डिसेंबरला १२:३६ ला आणि १५ जानेवारीला १२:४७ ला. दुपारच पुढे सरकली की उगवणं-मावळणं दोन्ही तिच्यामागून फरफटत जाणार ना.

आता दुपार का सरकते? पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटांत फिरते, पण तेवढ्यात ती सूर्याभोवतीही थोडी पुढे गेलेली असते म्हणून सूर्य परत तिथेच दिसायला आणखी सरासरी ४ मिनिटं वळावं लागतं. डिसेंबरअखेर मात्र साडेचार लागतात. एक तर जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ असते म्हणून जोरात पळते, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे पृथ्वीच्या अक्षाचा साडेतेवीस अंशांचा कल. मार्च-सप्टेंबरमध्ये सूर्याचं आकाशातलं रोजचं सरकणं थोडं उत्तर-दक्षिण असतं, डिसेंबरमध्ये सगळंच्या सगळं पूर्वेकडे, म्हणून पृथ्वीला त्याला गाठायला जास्त वळावं लागतं. रोजचा अर्धा मिनिट, महिन्याभरात पंधरा मिनिटं झाली की!

लंडनमध्ये हा घोळ कमी दिसतो, तिथे हिवाळ्यात दिवस भराभर लहान-मोठा होतो, म्हणून सगळ्यात लवकरचा सूर्यास्त आणि सगळ्यात उशिराचा सूर्योदय ही दोन्ही टोकं २१ डिसेंबरच्या आगेमागे दहा-बारा दिवसांतच येतात. आपल्याकडे २४ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर दिवस जेमतेम ९ मिनिटांनी घटतो, त्यामुळे दुपारचं सरकणं त्याच्यावर मात करतं.

संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतात, तसा तो २१ डिसेंबरपासूनच वाढत असतो. संक्रांतीपर्यंत ८ मिनिटं कमावलेली असतात, फक्त संध्याकाळला १५ मिळालीत आणि सकाळची ७ गेलीत.