सही कोणाची चालणार? टेकुमसेच्या लढ्याची पार्श्वभूमी

इंडियाना टेरिटरीचा गव्हर्नर विल्यम हेन्री हॅरिसन याने ३० सप्टेंबर १८०९ रोजी फोर्ट वेन इथे एका करारावर सह्या घेतल्या. डेलावेअर, मायामी, पोटावाटोमी आणि ईल रिव्हर या जमातींच्या प्रमुखांनी वाबाश नदीच्या खोऱ्यातली जमीन अमेरिकेला लिहून दिली. पुढच्या अडीच महिन्यांत वीआ आणि किकापू यांच्याशी वेगळे करार करून राहिलेली फट बुजवण्यात आली. एकूण क्षेत्र तीस लाख एकरांच्या आसपास. मोबदला म्हणून मुख्य करारात ५,२०० डॉलरचा माल मिळाला. शिवाय डेलावेअर, मायामी, पोटावाटोमी यांना दरसाल प्रत्येकी ५०० आणि ईल रिव्हरला २५० डॉलर मिळायचे होते. दरसालची ही रक्कम भांडवलात धरली तरी भाव एकरी दोन सेंटांच्या घरातच राहतो. हीच जमीन मोजून सरकारी कचेरीत विक्रीला आली की तिचा किमान दर एकरी दोन डॉलर होता. शॉनी जमातीची सही या कागदावर नव्हती आणि ती कोणी मागितलीही नव्हती.

टेकुमसे या शॉनी योद्ध्याने त्यानंतरच्या चार वर्षांत जे केलं, ते या एका कागदाभोवती फिरतं. त्याच्याबद्दल नंतर इतकं रचलं गेलं की मूळ मुद्दा त्याखाली गाडला गेला. मुद्दा साधा होता: विक्रीखतावर सही करायचा अधिकार कोणाचा? आपल्याकडे सामाईक गटातली जमीन एका हिस्सेदाराने परस्पर विकली की जो तंटा उभा राहतो, तोच इथे खंडाच्या आकाराचा झाला होता.

हा तंटा टेकुमसेच्या जन्माइतकाच जुना आहे. तो १७६८च्या सुमारास ओहायोच्या प्रदेशात जन्मला. त्याच वर्षी फोर्ट स्टॅनविक्सच्या करारात इरोक्वॉ संघाने ओहायो नदीच्या दक्षिणेची, म्हणजे आजच्या केंटकीची, जमीन ब्रिटिशांना देऊन टाकली. इरोक्वॉ राहायचे दूर न्यूयॉर्ककडे. केंटकीत शिकार करायचे शॉनी. दुसऱ्याच्या रानावर सोडलेलं हे पाणी शॉनींनी कधीच मान्य केलं नाही. ऑक्टोबर १७७४मध्ये पॉइंट प्लेझंटच्या लढाईत टेकुमसेचा बाप पुकेशिनवाऊ याच वादात पडला. पुढे शॉनी गावं एकामागून एक जळत गेली. केंटकीत वसलेल्या गोऱ्यांचे स्वार मुद्दाम उन्हाळ्याच्या अखेरीस, मका उभा असताना येत. माणसं निसटायची, पीक जळायचं, आणि हिवाळा उरलेलं काम करायचा. १७८०च्या ऑगस्टमध्ये जॉर्ज रॉजर्स क्लार्कने पिक्वा गाव जाळलं, तेव्हा टेकुमसे बारा वर्षांच्या आसपास होता.

एकत्र लढलं तर काय होतं, हे त्याच्या पिढीने पाहिलं होतं. ४ नोव्हेंबर १७९१ रोजी मायामींचा लिटल टर्टल आणि शॉनींचा ब्लू जॅकेट यांच्या संयुक्त फौजेने जनरल सेंट क्लेअरचे सहाशेहून अधिक सैनिक मारले. आदिवासींच्या हातून अमेरिकी लष्कराचा इतका मोठा पराभव पुन्हा झाला नाही. एकी कशी उसवते हेही याच पिढीने पाहिलं. २० ऑगस्ट १७९४ला फॉलन टिंबर्सची लढाई हरून माघारी आलेल्या योद्ध्यांना ब्रिटिशांनी आपल्या फोर्ट मायामीसचे दरवाजे बंद केले. वर्षभरात, ३ ऑगस्ट १७९५ला, ग्रीनव्हिलचा करार झाला आणि आजच्या ओहायो राज्याचा बहुतेक भाग गेला. बदल्यात बारा जमातींना मिळून वर्षाला ९,५०० डॉलरचा माल ठरला. त्यात शॉनींचा वाटा १,००० डॉलर. टेकुमसे त्या सभेपासून लांब राहिला.

या सालिना मालाला ‘अ‍ॅन्युइटी’ म्हणत, आणि पुढच्या सगळ्या व्यवहारांची किल्ली तीच ठरली. माल वाटायचा लष्करी ठाण्यावर, म्हणजे माणसं आपोआप गोळा होत. शिकार घटलेली, सरकारी दुकानात उधारी साठलेली. राष्ट्राध्यक्ष जेफरसनने २७ फेब्रुवारी १८०३ला हॅरिसनला खासगी पत्रात हेच लिहिलं होतं की, त्यांच्यातल्या वजनदार माणसांना कर्जात जाऊ द्यावं, कर्ज फेडण्यापलीकडे गेलं की ती जमीन द्यायला तयार होतात. मग ज्या जमातीचा त्या जमिनीवर हक्क सर्वांत लंगडा, तिला आधी राजी करायचं. तिची सही झाली की खऱ्या हक्कदारांना सांगायचं, बाकीचे तयार आहेत, तुम्ही अडून बसलात तर तुमच्याच वाट्याला काही येणार नाही. फोर्ट वेनला पोटावाटोमींना माल हवा होता आणि मायामी अडले होते. दबाव नेमका त्या सांध्यावर टाकला गेला.

या पद्धतीचा कळस त्याआधीच, नोव्हेंबर १८०४मध्ये सेंट लुईला झाला होता. सॉक आणि फॉक्स जमातींची काही माणसं एका खुनाच्या प्रकरणात तडजोड करायला आली होती. जमीन विकायचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नव्हता. हॅरिसनने त्यांच्यापैकी पाच जणांच्या सह्या घेतल्या आणि २,२३४ डॉलर ५० सेंटांचा माल व वर्षाला १,००० डॉलर या बोलीवर मिसिसिपीच्या पूर्वेचा अफाट मुलूख पदरात पाडून घेतला.

अशा व्यवहारांना तोड म्हणून टेकुमसेने जो सिद्धांत मांडला तो भावनिक नव्हता, कायद्याच्या भाषेतला होता. जमीन सगळ्या जमातींची मिळून एक आहे, तेव्हा सगळ्यांच्या संमतीशिवाय झालेली कोणतीही विक्री रद्दबातल. ही कल्पना त्याच्या एकट्याची नव्हती. १७८०च्या दशकात मोहॉक नेता जोसेफ ब्रँट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती मांडली होती. टेकुमसेने तिला अंमलबजावणी जोडली. गावप्रमुखांच्या हातून अधिकार काढून तो योद्ध्यांकडे द्यायचा, आणि परस्पर सही करणाऱ्या प्रमुखाला मरणाची शिक्षा. हा दुसरा भाग त्याला संत बनवणाऱ्या वर्णनांतून हळूच गाळला जातो.

चळवळीची सुरुवात मात्र धाकट्या भावाने केली होती. लालावेथिका हा दारुडा आणि बढाईखोर म्हणून ओळखला जाणारा माणूस १८०५मध्ये दृष्टांत झाल्याचं सांगू लागला आणि त्याने तेनस्क्वातावा, म्हणजे ‘उघडं दार’, हे नाव घेतलं. दारू सोडा, गोऱ्यांचे कपडे आणि सवयी टाका, अशी त्याची शिकवण होती. हॅरिसनने डिवचलं, खरा प्रेषित असेल तर सूर्य थांबवून दाखव म्हणा. १६ जून १८०६ला खग्रास ग्रहण लागलं आणि तेनस्क्वातावाने ते आधी सांगून ठेवलं होतं! भावाचा दबदबा पसरला. याच लाटेत डेलावेअरांमध्ये चेटकाच्या आरोपावरून माणसं जाळली गेली, हेही विसरून चालत नाही. १८०८मध्ये दोघे भाऊ वाबाश आणि टिपेकानू नद्यांच्या संगमाजवळ वसले. अमेरिकनांनी त्या गावाला प्रॉफेट्सटाउन म्हटलं.

तिथलं राजकारण किती बारीक होतं हे मिठावरून कळतं. १८१०च्या उन्हाळ्यात अ‍ॅन्युइटीच्या मिठाची होडी वाबाशवरून आली. प्रॉफेट्सटाउनने मीठ नाकारलं, कारण मीठ घेतलं म्हणजे करार मान्य केला असा अर्थ झाला असता. पुढच्या वर्षी होडी आली तेव्हा त्यांनी इतर जमातींच्या वाट्यासकट सगळंच मीठ उतरवून घेतलं. वाटे करणारे तुम्ही कोण, असा त्याचा अर्थ.

ऑगस्ट १८१०मध्ये टेकुमसे व्हिन्सेन्सला हॅरिसनच्या घरासमोर बोलला. देश विकायचा? मग हवा, ढग आणि समुद्र का नाही विकत, हे वाक्य तिथलं म्हणून सांगतात. दुभाष्या जोसेफ बॅरन शॉनीतून इंग्रजी करत होता, तेव्हा शब्द किती त्याचे आणि किती बॅरनचे हा प्रश्न राहतोच. आशय मात्र हॅरिसनच्या स्वतःच्या पत्रांतही तोच आहे. हॅरिसनचं उत्तर होतं की, तुम्ही एक राष्ट्र असता तर देवाने तुम्हाला वेगवेगळ्या भाषा दिल्या नसत्या. त्यावर टेकुमसे उसळून उभा राहिला, त्याच्या माणसांनी टॉमहॉक म्हणजे हातकुऱ्हाडी उचलल्या, हॅरिसनने तलवार उपसली. टेरिटरीचा सचिव जॉन गिब्सन याला शॉनी येत होती. त्याने वेळीच पहारा बोलावला म्हणून रक्त सांडलं नाही.

वर्षभराने, ७ ऑगस्ट १८११ला, हॅरिसनने युद्ध खात्याला लिहिलं की, प्रस्थापित व्यवस्था उलथवण्यासाठी अधूनमधून निपजणाऱ्या विलक्षण प्रतिभावंतांपैकी हा एक आहे. अमेरिका शेजारी नसती तर मेक्सिको किंवा पेरूच्या तोडीचं साम्राज्य त्याने उभं केलं असतं. हे पत्र कौतुक म्हणून उद्धृत होतं. खरं तर ते लष्करी कारवाईची पूर्वतयारी होती, कारण टेकुमसे तेव्हा दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाला होता आणि तो नसतानाच गावावर चालून जायचं हॅरिसनने ठरवलं होतं.

दक्षिणेत चिकासॉ आणि चॉक्टॉ जमातींनी त्याच्या एकीच्या हाकेला नकार दिला. चॉक्टॉंचा पुश्मताहा उघडपणे विरोधात बोलला. क्रीक जमातीतल्या एका गटाने मात्र ऐकलं. मी घरी पोचून पाय आपटेन तेव्हा तुमची घरं पडतील, असं तो क्रीकांना म्हणाल्याची कथा आहे. १६ डिसेंबर १८११ला न्यू मॅड्रिडचे भूकंप सुरू झाले, ते फेब्रुवारीपर्यंत चालू राहिले. त्या वर्षी आकाशात मोठा धूमकेतूही दिसत होता. कथा भूकंपानंतर जमली असणार, पण क्रीकांच्या लढ्यात तिचा उपयोग झाला हे नक्की.

इकडे हॅरिसन सुमारे हजार माणसं घेऊन ६ नोव्हेंबरला प्रॉफेट्सटाउनजवळ पोचला. दुसऱ्या दिवशी बोलणी करायची ठरली होती. पहाटेआधी गावातल्या योद्ध्यांनी छावणीवर हल्ला केला. हॅरिसनने छावणीभोवती ओंडक्यांचा आडोसा केला नव्हता, आणि शेकोट्यांच्या उजेडात त्याचे सैनिक लख्ख दिसत होते. त्यामुळे अमेरिकेची साठेक माणसं मेली आणि सव्वाशेच्या आसपास जखमी झाली. हल्लेखोरांची हानी बहुधा याहून कमी होती. पण दारूगोळा संपत आला, दिवस उजाडला, आणि ते मागे हटले. ८ नोव्हेंबरला ओस पडलेलं गाव हॅरिसनने जाळलं. खरा घाव त्या आगीत साठवलेला मका गेला तो होता. अनेक जमातींची माणसं एका जागी ठेवायची तर धान्याचा साठा लागतो, आणि तोच राहिला नाही. तेनस्क्वातावाचा शब्दही त्या दिवसापासून हलका झाला.

१८ जून १८१२ला अमेरिकेने ब्रिटनशी युद्ध पुकारलं आणि टेकुमसे ब्रिटिशांच्या बाजूला गेला. त्याला कॅनडा वाचवायचा नव्हता, ओहायोची सीमा परत हवी होती. १६ ऑगस्टला जनरल आयझॅक ब्रॉकबरोबर त्याने डेट्रॉइट घेतलं. तेराशेच्या आसपास माणसांपुढे अमेरिकी जनरल हलने अडीच हजारांच्या घरातली फौज शरण आणली. रानातून आदिवासींच्या आरोळ्या ऐकू येत होत्या आणि हल त्यांच्याच धास्तीने खचला होता. पण ऑक्टोबरमध्ये ब्रॉक मारला गेला. त्याच्या जागी आलेल्या प्रॉक्टरशी टेकुमसेचं कधी जमलं नाही. मे १८१३मध्ये फोर्ट मेग्सच्या लढाईनंतर कैद्यांची कत्तल चालू असताना टेकुमसेने ती थांबवली, हे शत्रूकडच्या साक्षीदारांनीही नोंदवलं आहे.

सगळं फिरलं ते पाण्यावर. १० सप्टेंबर १८१३ला एरी सरोवरात ब्रिटिश आरमार हरलं आणि रसद तुटली. प्रॉक्टर मागे हटू लागला तेव्हा टेकुमसेने त्याला भरसभेत सुनावलं की, तू त्या लठ्ठ जनावरासारखा आहेस जे शेपूट पाठीवर मिरवतं आणि घाबरलं की पायांत घालून पळतं. ५ ऑक्टोबरला टेम्स नदीकाठी मोरावियनटाउनजवळ हॅरिसनने त्यांना गाठलं. ब्रिटिश ओळ काही मिनिटांत कोसळली. दलदलीच्या कडेला टेकुमसेचे सुमारे पाचशे योद्धे लढत राहिले, तो पडेपर्यंत.

त्याला मारलं कोणी, हे ठरलेलंच नाही. केंटकीच्या घोडदळाचा कर्नल रिचर्ड मेंटर जॉन्सन याच्या समर्थकांनी ते श्रेय त्याला दिलं आणि त्या जोरावर तो १८३७मध्ये उपराष्ट्राध्यक्ष झाला. केंटकीच्या सैनिकांनी एका मृतदेहाची कातडी वस्तरे लावायच्या पट्ट्यांसाठी सोलून नेली. तो देह टेकुमसेचाच होता का, यावर तेव्हाही एकमत नव्हतं. हॅरिसन १८४०मध्ये प्रॉफेट्सटाउनच्या लढाईवरून पडलेल्या ‘टिपेकानू’ या टोपणनावाने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकला आणि पद घेतल्यावर महिनाभरात वारला. मग दर वीस वर्षांनी निवडून आलेला अध्यक्ष पदावरच मरतो असा ‘शाप’ लोकांनी जोडला. टेकुमसे किंवा त्याच्या भावाने असा शाप दिल्याची समकालीन नोंद नाही. १८४८ला निवडून येऊन पदावर वारलेला टेलर या हिशोबात बसत नाही, आणि १९८०ला निवडून आलेला रेगन गोळी लागूनही जगला. गॅलोवे नावाच्या वसाहतकऱ्याच्या मुलीशी टेकुमसेचं प्रेम होतं, ही गोष्टही अशीच मागाहून चिकटवलेली.

त्याचं खात्रीचं चित्रही नाही. ब्रिटिश लाल डगल्यातलं जे चित्र सगळीकडे छापतात ते १८६८च्या सुमाराचं. चेहरा जुन्या रेखाटनावरून घेतलेला, डगला खोदकाम करणाऱ्याने चढवलेला. कॅनडाने २०१२मध्ये त्याच्यासाठी २५ सेंटचं नाणं काढलं. अमेरिकेत त्याच्या नावाची गावं आहेत, आणि मैदानी प्रदेशातल्या आदिवासींवर निर्दय मोहिमा चालवणाऱ्या जनरल शर्मनचं मधलं नाव टेकुमसे होतं.

युद्ध संपवणाऱ्या २४ डिसेंबर १८१४च्या गेंटच्या तहात नववं कलम होतं. आदिवासींना १८११मध्ये असलेले सगळे हक्क परत द्यायचे. कलमाला तारखेपलीकडे अंमलबजावणीची काहीच सोय नव्हती, आणि ब्रिटिशांनी मागितलेलं स्वतंत्र आदिवासी क्षेत्र बोलणीतच सोडून दिलं होतं. ज्या शॉनी प्रमुखांनी टेकुमसेला साथ न देता अमेरिकेशी सलोखा ठेवला, त्या ब्लॅक हूफच्या लोकांचीही ओहायोतली जमीन १८३१मध्ये करार करूनच गेली. आज शॉनींच्या तिन्ही मान्यताप्राप्त जमाती ओक्लाहोमात आहेत.

अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत परीक्षेआधी छात्र ‘टेकुमसे’च्या पुतळ्यावर पेनी फेकतात. तो पुतळा टेकुमसेचा नाही. ‘डेलावेअर’ या जुन्या युद्धनौकेच्या नाळेवरच्या शिल्पाची ती प्रतिकृती, आणि त्यातला माणूस तमानेंड, डेलावेअर जमातीचा शांतताप्रिय म्हणून गाजलेला प्रमुख.