डाव्या हाताला मान्सून

गोक्चेआदावर जुलै महिन्यात आकाशाकडे बघून वाऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. वर एकही ढग नसतो, ऊन कडक असतं, क्षितिजावर समोथ्राकी हे ग्रीक बेट उठून दिसत असतं, आणि तरी कालेकोय गावाच्या धक्क्यावर डोक्यावरची टोपी टिकत नाही. आपल्याकडे असा वारा सुटला की मागोमाग सर येणार, हे लहान मूलही सांगेल. इथे वारा येतो, दिवसचे दिवस मुक्काम ठोकतो आणि पावसाचा थेंबही पडत नाही.

गोक्चेआदा हे तुर्कस्तानचं सर्वांत मोठं बेट. एजियन समुद्राच्या ईशान्य कोपऱ्यात, दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या तोंडाशी ते आहे. 1970 पर्यंत त्याचं अधिकृत नाव इम्रोझ होतं. शतकानुशतकं इथली वस्ती मुख्यतः ग्रीक बोलणाऱ्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांची होती. इस्तंबूलचे सध्याचे पॅट्रिआर्क, म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे प्रमुख धर्मगुरू, बार्थोलोम्यू यांचा जन्म 1940 साली याच बेटावरच्या एका गावात झाला. आज ती वस्ती फार थोडी उरली आहे, पण तो वेगळा आणि दुखरा विषय आहे. कालेकोय ईशान्य किनाऱ्यावर आहे. वर टेकडीवर पडका किल्ला आणि दगडी घरं, खाली मासेमारीचं छोटं बंदर. ईशान्येकडून येणाऱ्या वाऱ्याला तुर्की लोक पोयराझ म्हणतात, आणि तो वाटेत काहीही न अडता या गावावर येऊन आदळतो. उन्हाळ्यात एजियनभर वाहणाऱ्या उत्तरेकडच्या वाऱ्यांचं नाव मेल्तेम. हवामानशास्त्राच्या पुस्तकांत हेच वारे एटेशियन म्हणून भेटतात.

धक्क्यावर उभं राहून एक साधा प्रयोग करता येतो. वाऱ्याकडे पाठ करायची आणि डावा हात आडवा पसरायचा. उत्तर गोलार्धात तो हात ढोबळमानाने कमी दाबाच्या प्रदेशाकडे दाखवतो. हा नियम डच शास्त्रज्ञ बाइस-बॅलट यांनी 1857 मध्ये मांडला. पृथ्वीच्या फिरण्यामुळे हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरळ न जाता उजवीकडे वळते, आणि शेवटी कमी दाबाला डावीकडे ठेवून वाहू लागते. कालेकोयला वारा ईशान्येचा, म्हणजे तुमचं तोंड नैर्ऋत्येला आणि डावा हात आग्नेयेला. त्या दिशेला आधी अनातोलियाचं तापलेलं पठार लागतं. पण कमी दाब तिथे संपत नाही. नकाशावर तो पट्टा इराक, इराणचं आखात असा पुढे सरकत थेट सिंध-राजस्थानपर्यंत जाऊन भिडतो.

आता त्याच दिवशी रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावर कुणीतरी नैर्ऋत्य वाऱ्याकडे पाठ करून उभं आहे असं समजू. त्याचं तोंड सह्याद्रीकडे, डावा हात वायव्येला. तोही सिंध-राजस्थानकडेच दाखवतो. पाच हजारांहून अधिक किलोमीटर अंतरावरची ही दोन माणसं एकाच लांबलचक कमी दाबाच्या पट्ट्याच्या दोन टोकांना उभी आहेत. एक चिंब भिजलेला, दुसरा कोरडाठाक. मला या साऱ्या विषयातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते, आणि आपल्या शाळेच्या भूगोलात मान्सूनचा बाण केरळच्या अलीकडे सुरू होऊन हिमालयाशी संपतो याची हळहळही वाटते.

कमी दाबाचा पट्टा ही गोष्टीची अर्धी बाजू झाली. ढग का नसतात, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वर बघावं लागतं, पाच-दहा किलोमीटर उंचीवर.

पाऊस पडतो तेव्हा वाफेचं पाणी होतं आणि वाफेत साठलेली उष्णता हवेत मोकळी होते. एक किलो वाफेमागे सुमारे 25 लाख ज्यूल. एखाद्या ठिकाणी दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर दर चौरस मीटरवर 100 लिटर पाणी पडलं, आणि तेवढ्या जागेच्या वरच्या हवेला 25 कोटी ज्यूल उष्णता मिळाली. विजेच्या हिशोबात जवळपास 70 युनिट, एका चौरस मीटरला, एका दिवसात. पश्चिम घाट, बंगालचा उपसागर, ईशान्य भारत इथे महिनोन्महिने हे चालतं. वातावरणाच्या मधल्या थरांत इतकी उष्णता ओतली गेली की तिचा परिणाम जागच्या जागी राहत नाही. ग्रहाच्या आकाराच्या संथ लाटा उठतात आणि त्या पश्चिमेकडे पसरतात. हवामानशास्त्रात त्यांना रॉस्बी लाटा म्हणतात.

1996 मध्ये मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी संगणकातल्या वातावरणावर हे तपासलं. त्यांनी भारतीय मान्सूनची उष्णता प्रारूपात घातली, तेव्हा पूर्व भूमध्य समुद्र आणि पूर्व सहारा यांच्यावर हवा खाली उतरू लागली. इथे एक सोपं पण चुकीचं चित्र डोळ्यांसमोर येतं, की भारतावर वर गेलेली हवा तिकडे जाऊन उतरत असेल. तसं होत नाही. उतरणारी हवा बहुतेक मध्य अक्षांशांतली, पश्चिमेकडून आलेली असते. मान्सूनच्या लाटेमुळे तिच्या वाटेतले हवेचे थर तिरपे होतात आणि ती हवा त्या उतारावरून घसरगुंडीसारखी खाली येते. उतरताना दाबली जाते, दाबली की तापते, तापली की तिच्यातली सापेक्ष आर्द्रता घटते. ढग धरायला काही उरतच नाही. जुलैतलं एजियनचं निळंभोर आकाश हे काही अंशी आपल्या पावसाचं देणं आहे.

काही अंशीच, हे मात्र आवर्जून सांगायला हवं. मेल्तेमचा हंगाम, त्याचं सातत्य, वरची कोरडी हवा यांत मान्सूनचा हात मोठा आहे. पण अमुक मंगळवारी वारा एकदम का चढला, याचं उत्तर बहुधा युरोपात सापडतं. अटलांटिककडून येणाऱ्या हवामानाच्या चढउतारांमुळे बाल्कन प्रदेशावर जास्त दाब फुगला की एजियनवरचा दाबातला फरक वाढतो आणि वारा उसळतो. मुंबईत धो धो पाऊस लागला म्हणून दुसऱ्या दिवशी कालेकोयच्या होड्या बांधून ठेवायच्या, असा हिशोब कुणी करू नये.

उतरणारी हवा तापते, तर मग ही बेटं भट्टी का होत नाहीत? याचं उत्तर वाऱ्यातच आहे. झिव्ह, सारोनी आणि आल्पर्ट या इस्रायली संशोधकांनी 2004 मध्ये दाखवलं, की वरून उतरणारी हवा जेवढं तापवते, त्याला उत्तरेकडून गार हवा घेऊन येणारे एटेशियन वारे खालच्या थरांत तोंड देतात. ही ओढाताण सगळा उन्हाळा चालते, आणि म्हणून पूर्व भूमध्य समुद्रावरचं जुलै-ऑगस्टचं हवामान कंटाळवाणं वाटावं इतकं एकसारखं असतं. समुद्रही गार राहतो. उत्तरेचा वारा पृष्ठभागावरचं पाणी पश्चिमेकडे ढकलतो, आणि तुर्कस्तानच्या एजियन किनाऱ्यालगत खालचं थंड पाणी वर येतं.

गावात राहिलं की वाऱ्याचं वेळापत्रक दोन दिवसांत कळतं. सकाळी मंद, दुपारी जोरात, सूर्य कलला की उतरता. ॲरिस्टॉटलने तेवीसशे वर्षांपूर्वी हे नोंदवून ठेवलंय, की एटेशियन वारे उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस उलटल्यावर आणि व्याधाचा तारा उगवल्यानंतर वाहतात, दिवसा वाहतात आणि रात्री थांबतात. त्याची कारणमीमांसा आज टिकत नाही, निरीक्षण टिकतं. दिवसा तापलेल्या जमिनीवरची हवा घुसळली जाते आणि उंचावरचा जोरकस वारा खाली ओढला जातो. रात्री जमिनीलगत गार हवेचा थर बसतो, वरचा वारा वरच राहतो. खुल्या समुद्रावर अशी सुट्टी मिळत नाही, हे कोळ्यांना पक्कं माहीत असतं.

कोळ्यांआधी ते शिडाच्या जहाजांना माहीत होतं. दार्दानेल्समधून काळ्या समुद्राचं हलकं, कमी खारट पाणी सतत एजियनकडे वाहत असतं. त्या प्रवाहाला उन्हाळ्यात पोयराझची साथ मिळते, शिवाय दोन बाजूंच्या जमिनीमधल्या फटीतून येताना वारा आणखी जोर धरतो. शिडावर चालणारं जहाज दोघांविरुद्ध आत शिरू शकत नसे. इजिप्तहून कॉन्स्टँटिनोपलला धान्य नेणारी जहाजं दक्षिणेच्या वाऱ्याची वाट बघत ताटकळत आणि धान्य सडे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने यावर सरळ उपाय काढला. शेजारच्या तेनेदोस बेटावर, म्हणजे आजच्या बोझजाआदावर, प्रचंड कोठार बांधलं. जहाजांनी तिथे माल उतरवायचा आणि पुढच्या खेपेला इजिप्तला परतायचं. वारा फिरला की स्थानिक नौका धान्य राजधानीला पोचवत. इतिहासकार प्रोकोपियसने कोठाराची मापंही दिली आहेत: 280 फूट लांब, 90 फूट रुंद.

जाणाऱ्यांसाठी हेच वारे वरदान होते. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो, की अलेक्झांड्रियाहून नाईलमधून प्रवाहाविरुद्ध कॉप्टोसला पोचायला एटेशियन वारे वाहत असताना बारा दिवस लागतात. तिथून उंटांवरून तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिकेला, आणि मग भर उन्हाळ्यात नैर्ऋत्य मान्सून पकडून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याला. त्याच काळातल्या एका ग्रीक खलाशी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण आणि चौल ही आपली बंदरं येतात. म्हणजे एका व्यापाऱ्याने एकाच प्रवासात या यंत्रणेचे दोन्ही हात वापरले: कोरडा नाईलवर, ओला अरबी समुद्रावर. दोन्हींचा परस्परांशी संबंध आहे हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नाही.

आजचे गिऱ्हाईक वेगळे. गोक्चेआदाच्या आग्नेय टोकाला आयदिंजिकचा वाळूचा किनारा आहे, मागे खारं तळं. पोयराझ इथे जमिनीवरून समुद्राकडे जातो, त्यामुळे वारा भरपूर आणि पाणी सपाट. विंडसर्फिंग आणि काइटसर्फिंग करणाऱ्यांना याहून काय हवं? तळं उन्हाळ्यात वारा आणि उन्हाने आटतं आणि मिठाची खपली सोडून जातं. बोझजाआदावर द्राक्षवेली मांडवावर न चढवता जमिनीलगत झुडपासारख्या खुरट्या ठेवतात. वाऱ्याने फांद्या मोडू नयेत म्हणून ते बरं, आणि वाऱ्याने पानं कोरडी राहतात म्हणून बुरशीचा त्रासही कमी. त्याच बेटाच्या पश्चिम टोकावर 2000 साली 17 पवनचक्क्या उभ्या राहिल्या, प्रत्येकी 600 किलोवॅटच्या, एकूण 10.2 मेगावॅट. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा आठपट होते. म्हणून पवनचक्कीसाठी जागा निवडताना वेगातला थोडासा फरकही मोलाचा ठरतो.

सप्टेंबरच्या मध्याला राजस्थानातून मान्सून माघारी फिरू लागतो आणि तिकडे मेल्तेमची पकड सैल होत जाते. मग पाळी येते ती लोदोसची, दक्षिणेच्या दमट वाऱ्याची. तो मात्र ढग आणि पाऊस घेऊन येतो, आपल्याला ओळखीचा वाटेल असा. वाऱ्यासाठी जायचं असेल तर जुलै-ऑगस्ट, बेटासाठी जायचं असेल तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. कधीही गेलात तरी परतीच्या विमानाआधी एक दिवस हाताशी ठेवा, कारण मुख्य भूमीवरच्या काबातेपे बंदराची फेरीबोट सुटणार की नाही, हे त्या सकाळचा वारा ठरवतो.