प्रतिदीप्त नॅनोकणांद्वारे रोगनिदान

प्रकाश शोषून वेगळ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकणाऱ्या सूक्ष्मकणांना प्रतिपिंडे (ठरावीक रेणूलाच नेमकी चिकटणारी प्रथिने) जोडून रक्त, लघवी यांतील अत्यल्प रोगखुणा हुडकण्याची पद्धत. अत्यल्प म्हणजे किती? ट्रोपोनिन हे हृदयविकारात तपासले जाणारे प्रथिन मिलिलिटरमागे 10 पिकोग्रॅम असेल, तर एका मायक्रोलिटर रक्तद्रवात त्याचे सुमारे अडीच लाख रेणू असतात. त्यातल्या प्रत्येकामागे अल्ब्युमिन या रक्तातल्या सर्वांत मुबलक प्रथिनाचे शंभर कोटींहून अधिक रेणू गर्दी करून असतात.

कोकणात अशा तपासणीची गरज जाणवते ती लेप्टोत (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य तापात). उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यात, भातलावणीच्या चिखलात तासन् तास उभे राहणाऱ्यांना तो गाठतो. पहिल्या आठवड्यात जिवाणू रक्तात असतात. आयजीएम प्रतिपिंडे (शरीर संसर्गानंतर आधी बनवते ती) मात्र साधारण पाचव्या-सातव्या दिवसापासून सापडू लागतात. म्हणून तापाच्या तिसऱ्या दिवशी केलेली, रुग्णाची प्रतिपिंडे शोधणारी पट्टी कोरी आली, तरी लेप्टो नाही असे म्हणता येत नाही. या काळात शोधायचे ते जिवाणूचेच प्रथिन, उदा. रोगकारक जातींच्या बाह्यपटलातील लिप-एल-32.

कणांचे प्रकार अनेक. क्वांटम बिंदूंचा (अर्धवाहकाच्या काही नॅनोमीटरच्या स्फटिकांचा) रंग आकारावर ठरतो (त्यांच्या शोधासाठी 2023 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले), पण नेहमीच्या बिंदूंत कॅडमियम हा विषारी धातू असतो. चाचणीच्या पट्टीवर नमुना कणांना घेऊन पुढे सरकतो आणि रोगखूण असेल, तर ती धरलेले कण प्रतिपिंडे लावलेल्या रेघेवर अडकून चमकतात. अशा पट्टीसाठी युरोपियम हे मूलद्रव्य भरलेले, सुमारे 200 नॅनोमीटरचे पॉलिस्टायरीन कण अधिक सोयीचे. 340-365 नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात ते 615 च्या आसपास लाल चमकतात, आणि दिवा विझल्यावरही काहीशे मायक्रोसेकंद चमकत राहतात. रक्तद्रवाची व कागदाची स्वतःची चमक नॅनोसेकंदांतच मावळते. तेवढा वेळ थांबून मोजले की मागचा उजेड जवळजवळ नाहीसा होतो. संवेदनशीलतेचे खरे श्रेय या थांबण्याला आहे. नुसते अधिक तेजस्वी कण घेऊन ती मिळत नाही.

जोडणीसाठी 1 मिलिग्रॅम कार्बॉक्सिलयुक्त कण पीएच 6 च्या एमईएस बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावात) घेऊन ईडीसी व एनएचएस या जोडणी घडवणाऱ्या रसायनांनी 15-30 मिनिटे सक्रिय करतात. सेंट्रिफ्यूज करून उरलेले रसायन काढतात, पीएच 7.4 ते 8 च्या बफरमध्ये 50-100 मायक्रोग्रॅम प्रतिपिंडे घालून दोन तास हलवत ठेवतात आणि मोकळ्या जागा 1 टक्का बीएसएने (गाईच्या अल्ब्युमिनने) झाकतात. प्रतिपिंडांच्या मूळ द्रावात ट्रिस, ग्लायसीन किंवा बीएसए असेल, तर कण त्यांनाच चिकटतात. हे पदार्थ आधी काढावे लागतात. तयार कण 4 अंशांवर ठेवावेत. एकदा गोठले की त्यांचे गुठळे होतात, आणि असे गुठळे पट्टीच्या सुरुवातीलाच अडकून तिथे चमकदार रेघ उमटवतात.

कोकणातल्या पावसाळ्यात सर्वांत जास्त छळते ती दमट हवा. ईडीसीची बाटली फ्रीझरमधून काढून लगेच उघडली की आत दव धरते व ईडीसी निकामी होते. बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच ठेवावी. पट्टीच्या पाकिटाचेही तसेच. ते फ्रिजमधून काढून अर्धा तास न फोडता ठेवावे आणि फोडल्यावर लगेच वापरावे. उघड्यावर राहिलेली पट्टी पापडासारखी सादळते: साखरेत वाळवलेले कण चिकट होऊन नीट सुटत नाहीत, पट्टीच्या नायट्रोसेल्युलोज पडद्यावरचा प्रवाह बदलतो आणि नियंत्रण रेघ (चाचणी नीट चालली हे दाखवणारी दुसरी रेघ) फिकी पडते. नियंत्रण रेघ ठरलेल्या मर्यादेखाली गेली, तर निकाल काहीही दिसो, चाचणी रद्द.

रोगखूण फारच जास्त असेल, तर कण व रेघ दोन्हींवरची प्रतिपिंडे वेगवेगळ्या रेणूंनी व्यापली जातात आणि चाचणी खोटी नकारात्मक येते. शंका आल्यास नमुना दहापट पातळ करून पुन्हा लावतात. तांबड्या पेशी फुटलेला नमुना शक्यतो नाकारावा, कारण हिमोग्लोबिन प्रकाश गिळते. संधिवात घटकामुळे (काहींच्या रक्तात असणाऱ्या, इतर प्रतिपिंडांना चिकटणाऱ्या प्रतिपिंडामुळे) उलट खोटी सकारात्मक रेघ येऊ शकते.