ओव्हरलाय: अंथरुणातून खडकात गेलेलं क्रियापद

'ओव्हरलाय' हे इंग्रजी क्रियापद आज भेटतं ते मुख्यतः भूगर्भशास्त्रात. शेलच्या, म्हणजे चिखलापासून बनलेल्या खडकाच्या, थरावर चुनखडक पसरला असेल, तर चुनखडक शेलला 'ओव्हरलाय' करतो. अर्थ सरळ: एखाद्या गोष्टीच्या वर पडून असणं. या शब्दाची जुनी ओळख मात्र खडकांपेक्षा अंथरुणाशी जास्त आहे, आणि ती सुखाची नाही.

साधारण बाराव्या शतकापासून हे क्रियापद इंग्रजीत दिसतं. झोपेत आई किंवा दाई तान्ह्या बाळाच्या अंगावर आली आणि बाळ गुदमरून गेलं, तर त्या घटनेला हाच शब्द लागे. मध्ययुगीन युरोपात बाळाला मोठ्यांच्या अंथरुणात घेऊ नये असं चर्च बजावत असे, आणि घडलंच तर आईबापाला प्रायश्चित्त होतं. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये तर बाळावर कमानीसारखी लाकडी चौकट ठेवत, म्हणजे शेजारी झोपलेल्या बाईचा भार त्याच्यावर येऊ नये.

सोळाव्या शतकापासून 'ओव्हरलाय' मागे पडलं आणि त्याचं काम 'ओव्हरले' करू लागलं. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये राजा शलमोनासमोर दोन बाया एका मुलावर हक्क सांगतात. दुसरीचं मूल रात्री का दगावलं, याचं कारण तिथे 'ओव्हरलेड' या एका शब्दात येतं.

शब्द कोणताही असो, त्याला कर्ता लागतो. बाळ 'गेलं' एवढ्यावर वाक्य थांबत नाही. कोणीतरी ते केलं, आणि ती व्यक्ती बहुधा आईच. व्हिक्टोरियन ब्रिटनमध्ये हा आरोप फार स्वस्त झाला. १८९२ साली डंडी शहराचे पोलीस सर्जन चार्ल्स टेम्पलमन यांनी अशा २५८ मृत्यूंचा आढावा छापला. त्यात शनिवारची रात्र ठळकपणे पुढे आली. पगार, दारू आणि एकाच अंथरुणात कोंबलेलं कुटुंब, असा अर्थ त्यातून निघाला. १९०८च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टने ते कायद्यात आणलं: झोपायला जाताना दारू प्यायलेल्या, सोळा वर्षांवरील व्यक्तीच्या अंथरुणात तीन वर्षांखालचं मूल गुदमरून मेलं, तर ती व्यक्ती मुलाची हेळसांड केल्याबद्दल दोषी. हे कलम १९३३च्या कायद्यात गेलं, आणि २०१५ साली त्यात अमली पदार्थांची भर पडली.

अर्धी गोष्ट खरी होती. दारू आणि दाटीवाटी यांनी मुलं खरोखर मरत होती. पण एकटी, पाळण्यात झोपलेली मुलंही तशीच जात होती. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये झालेल्या शवविच्छेदनांतून अशा अनेक मृत्यूंमागे आजाराच्या खुणा असल्याचं मांडलं गेलं. १९६९ साली सिएटलमधल्या परिषदेत 'सडन इन्फंट डेथ सिंड्रोम', म्हणजे बाळाचा अचानक, कारण न सापडलेला मृत्यू, हे नाव ठरलं. ते रूक्ष असलं तरी त्यात कर्ता नाही, आणि कितीतरी आयांसाठी तीच मोठी गोष्ट होती.

दरम्यान एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मूळ 'ओव्हरलाय' परत आलं, ते भूगर्भशास्त्रज्ञांच्या हातून. त्यांना ते हवंच होतं. वरचा थर नंतरचा, खालचा आधीचा, हे डेन्मार्कचे शास्त्रज्ञ निकोलस स्टेनो यांनी १६६९ सालीच सांगितलं होतं. १७८८ साली भूगर्भशास्त्रज्ञ जेम्स हटन यांनी स्कॉटलंडच्या सिकार पॉइंटला उभ्या करड्या थरांवर आडवा पडलेला तांबडा वालुकाश्म पाहिला. दोहोंच्या मधे सुमारे साडेसहा कोटी वर्षांचं अंतर आहे, असं आता मानतात. अशा ठिकाणी कोण कोणावर आहे, एवढं नेमकं सांगणारं क्रियापद लागतं, आणि इथे कर्त्याला दोष लागत नाही.

गोंधळ उरला तो रूपांचा. 'ओव्हरलाय'चा भूतकाळ 'ओव्हरले', आणि 'ओव्हरले' हेच दुसऱ्या क्रियापदाचं मूळ रूप. त्या दुसऱ्याचा अर्थ वर काहीतरी घालणं, मढवणं. त्याचा भूतकाळ 'ओव्हरलेड'. लाकडावर सोन्याचा पत्रा कोणीतरी चढवतं, म्हणून ते 'ओव्हरलेड'. थर आपोआप वर साचतो, म्हणून खालचा खडक 'ओव्हरलाय'वरून 'ओव्हरलेन'. भूगर्भशास्त्राच्या लेखनात हा भेद पाळलेला बरा. आणखी एक: या क्रियापदापुढे 'ऑन' लावायचं नाही, कारण 'वर' आधीच पोटात आहे. शरीरशास्त्रातही ते तसंच चालतं. स्नायूवरची त्वचा ही 'ओव्हरलाइंग' त्वचा.

जुना अर्थ अजून रोज वापरला जातो तो डुक्करपालनात. विलेली मादी आडवी होताना पिलं तिच्याखाली चिरडतात, आणि नोंदवहीत त्या मृत्यूपुढे 'ओव्हरलाइंग' लिहितात. ते टाळायला तिला नीट वळताही येऊ नये असा अरुंद लोखंडी पिंजरा वापरतात. स्वीडनसारख्या देशांनी तो सरसकट वापरायला बंदी केली आहे. इतरत्र पिलांचा जीव की आईची हालचाल, हा वाद चालू आहे.